खांद्यापाशी डोळा

सानगडीच्या अलीकडे, तलावाच्या पाळीला लागून एक उंचवट्याचं पडीत आहे. नुसता मुरूम. धान तिथं होत नाही, म्हणून ते कोणाच्या डोळ्यात आलं नाही आणि आम्हाला मिळालं. सकाळी तिथून गावची ढोरं जातात आणि रविवारी आम्ही असतो. आम्ही म्हणजे रिमोटची विमानं उडवणारी पाच माणसं. स्वतःला क्लब म्हणवतो, पण ना फलक, ना पावतीबुक. गावाच्या लेखी आम्ही 'डरोनवाले'. कितीदा सांगितलं की बाप्पा हे ड्रोन नाही, हे विमान आहे, याला पंख आहेत. तरी दर रविवारी कोणी ना कोणी पाळीवर सायकल थांबवतंच, "काहो, लग्नाची शूटिंग करता का?" सुरुवातीला मी हसायचो. मग भडकायला लागलो. गुरुजी म्हणायचे, "याच्या नाकावर माशी बसत नाही, आन् हा विमानं बसवून राहिला जमिनीवर."

मी वरठीला कारखान्यात वरची क्रेन चालवतो. बावीस वर्षं झाली. वितळलेल्या पोलादाची बादली माणसांच्या डोक्यांवरून नेतो आणि जिथं ठेवायची तिथंच ठेवतो, वीतभर इकडे नाही की तिकडे नाही. हे सांगायचं कारण एवढंच की मला माझ्या नजरेचा माज होता. माज हा शब्द माझा मीच वापरतोय, दुसऱ्या कोणी वापरला असता तर भांडलो असतो.

गुरुजी सानगडीचेच. घरची धानाची शेती, आणि शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. विमानांचा नाद त्यांनीच आम्हा चौघांना लावला. मैदानावरचा एकुलता एक नियमही त्यांचाच. विमान उडवणाऱ्याच्या डाव्या खांद्यापाशी एक माणूस उभा असलाच पाहिजे. त्याला आम्ही 'डोळा' म्हणतो. उडवणारा फक्त आपल्या विमानाकडे बघतो, पापणीसुद्धा जपून लववतो. बाकी सगळं डोळ्यानं बघायचं. ढोरं कुठं आहेत, विजेच्या तारा किती लांब, दुसरं विमान कोणत्या बाजूला, रिमोटच्या पडद्यावर बॅटरीचा आकडा किती. डोळा हळू आवाजात बोलत राहतो, आपण ऐकत राहतो. आणि डोळ्यानं कोपरावर दोनदा थापटलं तर त्याचा अर्थ एकच, तुझं चुकतंय, सगळं सोड आणि माझं ऐक. तिथं वाद नाही. एकदा आमच्यातला एक जण वाद घालत बसला, तर गुरुजींनी त्याच्या हातातून रिमोट काढून घेतला आणि महिनाभर त्याला मोहाच्या झाडाखाली बसवलं. चांगला चाळिशीचा बँकेतला माणूस, मुकाट बसला.

मग गुरुजींना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डोकं मात्र शाबूत होतं, अगदी पहिल्यासारखं. रोज पेपर वाचायचे. विनोदाला बरोबर जागेवर हसायचे, हिशेबात त्यांच्या बायको, आमच्या काकू, चुकल्या तर बोट वर करायचे. फक्त बोलायला गेले की तोंडातून 'आ... आव...' एवढंच यायचं, आणि मग रागानं डोळे मिटून घ्यायचे. हे मला पक्कं माहीत होतं. पुढं जे सांगणार आहे त्यात कोणी असं समजू नये की मला माहीत नव्हतं.

त्या अवस्थेत त्यांनी एक ग्लायडर बांधलं. दीड वर्ष लागलं. दोन मीटरचा पंख, बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पातळ फासळ्या, वर चढायला नाकात एक छोटी मोटर, पांढरं आवरण. डाव्या हातानं ब्लेड चालवायचे आणि काकू समोर बसून लाकूड धरायच्या. काकूंना आधी यातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. वर्षभरानं त्या नुसत्या बोटानं लाकडाची जाडी सांगायला लागल्या. दुसरं ग्लायडर आता होणार नाही, हे त्या घरात सगळ्यांना कळत होतं. गुरुजींची इच्छा पाटीवर डाव्या हातानं लिहिलेली होती, वाकड्यातिकड्या अक्षरांत. एकदा उडताना बघायचं आणि परत हातात घ्यायचं. उडवायला त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

मे महिना होता. तलावाचं पाणी मधोमध डबक्यांपुरतं उरलं होतं, बाकी भेगा पडलेला गाळ. उरलेल्या मासोळ्यांवर घारी जमायच्या, तीस-चाळीस. त्या दिवसांत त्या पडिताची शांतता मला कधीच मानवली नाही. वारा नसतो, पाखरं बोलत नाहीत, आणि वर इतकी पाखरं गोल फिरत असतात. त्यात ग्लायडरला आवाज नाही. मोटर बंद केली की ते असं नाहीसं होतं की आधी त्याची सावली दिसते, मुरमावरून सरसर येते, आपल्या पायांवरून जाते, आणि मान वर करेपर्यंत पुढे गेलेली असते. म्हशी त्या सावलीला बिचकतात. मीही बिचकायचो, पण कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी गुरुजींना गाडीनं आणलं आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. मी त्यांच्या उजव्या हाताला उभा राहिलो. डोळा तेच होणार होते. साकोलीचा आमचा मोबाईल दुरुस्तीवाला म्हणाला, "दादा, मी राहू का खांद्यापाशी? गुरुजीले बोलता नाही येत." मी त्याच्यावर डाफरलो. गुरुजी असताना दुसरा डोळा कशाला, म्हटलं, आणि मला तर एकाचीही गरज नाही. तो बिचारा बाकीच्या दोघांबरोबर मोहाखालच्या टेबलाकडे गेला. काकू तिकडेच थर्मासमधून चहा ओतत होत्या.

नऊच्या सुमाराला मी ग्लायडर फेकलं. गुरुजींच्या घशातून एक आवाज आला, तो आनंदाचा होता. मोटरवर चढवत चढवत वर नेलं, मोटर बंद केली आणि घारी जिथं फिरत होत्या तिथं घातलं, कारण तिथं गरम हवा वर जाते. ग्लायडर त्यांच्यात मिसळलं आणि आपोआप चढायला लागलं. तेवढ्या उंचीवर पांढरं काय आणि तपकिरी काय, सगळे काळे ठिपके. पण माझा ठिपका मला ठाऊक होता.

तेवढ्यात रिमोट एकदा वाजला. बॅटरीचा इशारा असेल म्हणून मी खाली पाहिलं. आकडा वाचायचं काम डोळ्याचं, पण डोळ्याला बोलता येत नव्हतं, म्हणून मी पाहिलं. एक सेकंद. आकडा ठीक होता. वर पाहिलं आणि माझा ठिपका पुन्हा पकडला.

मग जे उड्डाण झालं तसं मी आयुष्यात केलं नव्हतं. रिमोटची काडी डावीकडे दिली की ते डावीकडे कलायचं. उजवीकडे दिली की उजवीकडे. किती हलकं, किती गोल. मला वाटलं, गुरुजींनी काय जीव ओतलाय यात. कधी कधी ते काडी द्यायच्या आधीच वळत होतं, आणि मला वाटलं माझा हात इतका बसलाय की मलाच कळत नाहीये. अंगावर काटा आला, पण तो कौतुकाचा समजलो.

याच वेळी माझ्या कोपरावर दोनदा थापटलं गेलं. डाव्या हातानं गुरुजी खुर्चीतून अर्धे वळून माझ्यापर्यंत पोचले होते. 'आव... आव...' मी वर बघतच म्हणालो, "थांबा ना जी गुरुजी, उडवू द्या." पुन्हा दोन थापा. मग त्यांनी माझी बाही धरली आणि ओढली. मी हात झटकला. जोरात झटकला. चांगलं चाललेलं असताना कोणी मध्ये हात घातला की माझं डोकं फिरतं. "राहू द्या म्हटलं ना," मी ओरडलो. बाहीवरचा हात गेला.

आठ-नऊ मिनिटं झाली, मी उतरवायला घेतलं. गोल गोल फेऱ्या घेत ते खाली आलं, अगदी मी म्हणेन तसं. तलावाच्या अलीकडच्या काठावर, दोन पुरुष उंचीवर आल्यावर मी नाक उचलायला काडी हळूच मागे ओढली.

आणि त्यानं पंख हलवले.

एकदा, दोनदा, सावकाश. पाय खाली सोडले, गाळातून काहीतरी उचललं आणि पुन्हा पंख मारत वर गेलं. मी दोन्ही अंगठे काड्यांवर ठेवून उभा होतो आणि ती घार माझ्यासमोरून वर चालली होती. माझे अंगठे अजून तिला वळवत होते, ते थांबेनात. इतका वेळ मी कोणाला उडवत होतो? ती माझं का ऐकत होती? आजही याचं उत्तर माझ्याकडे आहे, योगायोग, आणि आजही ते उत्तर मला पुरत नाही.  

मग दुसरी गोष्ट डोक्यात आली, आणि ती जास्त वाईट होती. रिमोट तर ग्लायडरशीच जोडलेला. म्हणजे मी दिलेलं प्रत्येक डावं, प्रत्येक उजवं त्या ग्लायडरनं ऐकलं होतं. माझ्या नजरेबाहेरच्या आकाशात कुठंतरी ते एकटं, कोणी बघत नसताना, मी सांगेन तसं वळत होतं. कोणी बघत नसताना असंही नाही. गुरुजी बघत होते. खुर्चीत मान वळवून, पश्चिमेकडे, तलावाच्या पलीकडच्या अंगाला त्यांचा डावा हात ताठ झाला होता.

बाकीचे पळत आले. मोबाईलवाल्यानं विचारलं, "दादा, काय झालं? कुठी गेलं?" टेबलाजवळ ते बॅटऱ्या जोडत होते, त्यांनी घार पाहिली नव्हती.

मी सांगायला हवं होतं. चार शब्द होते, घार उडवत होतो मी. ते तोंडातून निघेनात. बावीस वर्षं क्रेनवर काढलेला माणूस, पाखराला विमान समजला, हे उद्या साकोलीपासून वरठीपर्यंत सगळे हसत हसत सांगतील, एवढंच मला दिसत होतं. मी म्हणालो, "उन्हात गेलं. जंगलाच्या अंगानं गेलं आणि दिसेनासंच झालं." ऊन पूर्वेला होतं, म्हणून मी पूर्वेला हात केला.

गुरुजींचा हात पश्चिमेलाच होता. 'आव,' ते म्हणत होते, 'आव, आव.' त्यांनी मान जोरजोरात हलवली. सगळे एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागले. काकू कप हातात घेऊन उभ्या होत्या. तेव्हा मी ते वाक्य बोललो. "गुरुजीले आता दिशा नाही समजून राहिली. झटक्यानंतर होते असं."

 काकूंनी गुरुजींकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात काहीतरी बदललेलं मला दिसलं. गुरुजींनी हात खाली घेतला.

आम्ही पूर्वेला गेलो. जंगलात तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाया होत्या, त्यांना विचारलं, त्यांनी नाही म्हटलं. रिमोट चालूच होता. ग्लायडर जिवंत असेतोवर पडद्यावर त्याच्या बॅटरीचा आकडा येतो आणि सिग्नलच्या दांड्या दिसतात. हरवलेलं विमान शोधायची आमची रीत अशी की पंधरा-वीस पावलं चालायचं, थांबायचं, काडी हलवायची आणि कान द्यायचा. विमान जवळपास पडलं असेल तर शेपूट हलवणारी बारकी मोटर कुर्र कुर्र करते. भर दुपारी सागाच्या वाळल्या पानांत आम्ही चौघं श्वास धरून उभे राहायचो आणि मी काडी हलवायचो. काही नाही. मला माहीत होतं काही नाही. इथं मी काडी हलवत होतो आणि मैलभर मागे, जिथं कोणी नव्हतं तिथं, गाळात पडलेलं एक पांढरं शेपूट डावीउजवीकडे हलत होतं. मला ते दिसत होतं.

"दादा, दांड्या कमी होऊन राहिल्या," मोबाईलवाला म्हणाला.

"झाडं आडवी येतात," मी म्हणालो.

परत मैदानावर आलो तेव्हा दांड्या भरल्या. तो पुन्हा म्हणाला, "इथंच जास्त दाखवते." मी म्हणालो, मोकळी जागा आहे म्हणून. त्याचा माझ्यावर विश्वास होता, हेच वाईट. गुरुजींना तोवर घरी नेलं होतं. पाच वाजता पडद्यावरचा आकडा गेला.

सोमवार ते बुधवार मी कामावर होतो. क्रेनवरून खालचा माणूस हात दाखवायचा आणि मला त्याच्या जागी खुर्ची दिसायची. एकदा बादली हवेतच धरून बसलो, खालून शिव्या आल्या. जेवण जाईना. बायकोनं विचारलं, तिच्यावर खेकसलो. गुरुवारी रजा टाकून एकटाच मोटरसायकलनं निघालो आणि गावात न जाता थेट तलावाच्या पश्चिम अंगाला उतरलो.

गाळ वरून वाळला होता, खाली मऊ होता. पाय घोट्यापर्यंत जात होता. मी काही पावलं गेलो आणि थांबलो. समोर घारी बसल्या होत्या, जमिनीवर. दहा-बारा असतील, लांब लांब अंतरावर, सगळ्यांची तोंडं आत. मधे ग्लायडर होतं. मोडलं नव्हतं. पोट टेकून, नाक किंचित वर, पंख सरळ ठेवून उतरलेलं. घारीला उतरवताना मी जी काडी मागे ओढली, तिनं ते उतरवलं होतं. इतकं नीट मी बघूनही कधी उतरवलं नाही. मी जवळ गेलो तरी घारी उडेनात. अगदी पाच पावलांवर गेलो तेव्हा एकेक करून उठल्या, पंखांचा आवाज तेवढा झाला.

ग्लायडर उचलून परतताना मला ते दिसलं. गावाच्या बाजूनं गाळात एक माग आला होता. एक पाऊल, आणि त्याच्या शेजारी एक लांब ओढलेली रेघ. पुन्हा पाऊल, पुन्हा रेघ. काठीची भोकं. ग्लायडरच्या तीसेक पावलं अलीकडे माग संपला होता आणि तिथं माणसाच्या अंगाएवढा गाळ दबलेला होता. कोपराचा ठसा होता, पाचही बोटांचा होता. त्याभोवती खूप पावलं होती, दोन-तीन माणसांची, इकडूनतिकडून आलेली. मी त्या खळग्याजवळ उभा राहिलो, मग थेट गुरुजींच्या घराकडे वळलो.

घरी काकूंनी दार उघडलं. माझ्या हातातलं ग्लायडर बघून त्या बाजूला झाल्या. गुरुजी खाटेवर झोपले होते, तोंड अर्धं उघडं. दिवसाचे अकरा वाजले होते.

"कुठी भेटलं?" काकूंनी विचारलं.

"तलावाच्या पलीकडं. पश्चिमेले."

त्या खाली बसल्या. आवाज न चढवता सांगायला लागल्या. "रोज तिकडंच हात करून राहिले होते. रोज. पाटी मागत होते, मी नाही देल्ली. मले वाटलं, यायले भ्रम झाला. मंगळवारी सांजेला मी नहाणीत गेली, तेवढ्यात हे निघून गेले. अंधार पडल्यावर गाळात पडले सापडले. उचलून आणलं लोकाइनं. मंग डाक्टर म्हणे, असे उठून पळत असतील तर झोपेची गोळी द्या. मी कालपासून देऊन राहिली." मग थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमीच म्हणलं होतं ना, दिशा नाही समजून राहिली म्हणून. तुमी तर जवळ उभे होते."

मी तिथंच सांगू शकलो असतो. पण मला वाटलं, हे गुरुजींच्या देखत सांगायचं. ग्लायडर मांडीवर घेऊन खाटेजवळ बसून राहिलो. काकूंनी पाणी दिलं ते तसंच राहिलं. ऊन अंगणातून सरकत भिंतीवर आलं तेव्हा गुरुजींनी डोळे उघडले. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. गोळीनं नजर जड झाली होती.

"गुरुजी," मी म्हणालो, "मी घार उडवत होतो. तुमी बरोबर होते. मले ते मैदानावरच समजलं होतं, तरी मी खोटं बोललो. तुमाले सगळं समजते, हे मले माहीत होतं."

माझ्या मांडीवर त्यांचं दीड वर्ष पडलं होतं, चिखलानं माखलेलं पण अख्खं. मी ते पुढं केलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डावा हात उचलून त्यांनी माझ्याकडे बोट केलं, आणि मान वळवून काकूंकडे पाहत राहिले. बोट माझ्यावर, नजर काकूंवर. हात खाली येईना.

"आयकलं जी," काकू म्हणाल्या. "आयकलं मी."

तेव्हा कुठं त्यांनी हात खाली ठेवला.